निळ्या पत्र्यावरचं तुमचं नाव

अहो,

तुमच्यासाठी एक निरोप आलाय, म्हणून लिहायला बसले. देवळाली कॅम्पातल्या एका माणसाने दिलाय. तुम्ही त्याला ओळखत नाही आणि तो तुम्हाला ओळखत नाही. पण तोंडी दिलेला निरोप पोचवायचा असतो, आपल्यापाशी ठेवून घेता येत नाही. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, आता तो पोचवायचा कुठे? म्हटलं, कागदावर लिहून मोकळं व्हावं.

निरोप शेवटी सांगते. आधी सगळं ऐका. आज गुरुवार आहे. दर गुरुवारी तुम्ही क्लबाच्या मीटिंगहून यायचात, कोट खुंटीला लावायचात आणि सुरू व्हायचात. घंटा कोणी वाजवली, पाहुणा कोण होता, कोणाचा वाढदिवस, उशिरा आला म्हणून कोणाला दंड झाला. माझा गुरुवारचा उपास असायचा, पित्ताने डोकं चढलेलं असायचं, तरी मी हं हं करत ऐकायची. आज तुम्ही हं हं करा.

मी थकलेय हो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला वाटायला नको की ही मोठी समाजसेविका झाली.

तुम्हाला क्लबात घेतलं तो दिवस आठवतो? सगळे डॉक्टर, वकील, कॉलेज रोडचे बंगलेवाले, आणि त्यांत रविवार कारंज्यावर सायकलचं दुकान असलेले तुम्ही. त्यांचा नियमच होता ना, दर धंद्यातला एक माणूस घ्यायचा. सायकलवाला म्हणून तुमचा नंबर लागला. तुम्ही मेन रोडला कोट शिवायला टाकलात, आणि एप्रिलच्या उन्हात तो घालून मला दाखवायला स्वयंपाकघरात आलात. मी हसले. तुम्ही रागावला नाहीत, उलट बाह्या बरोबर आल्यात का ते विचारलंत. किती खूश होतात!

मग ती देणगीत आलेली साहित्याची गाडी. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, सलाइनचे स्टँड, बेडपॅन. गरजू पेशंटला घरी वापरायला द्यायचे, बरा झाला की परत घ्यायचे. प्रकल्प उत्तम. ठेवायचं कुठे, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला आणि सगळे छताकडे बघायला लागले. तुम्ही हात वर केलात. "आमची पुढची खोली रिकामीच असते." रिकामी? आपली मंदा तिथे मॅट्रिकचा अभ्यास करत होती!

उद्घाटनाला आपल्याच दाराला लाल फीत बांधली होती. ती कापली जाईपर्यंत मला माझ्याच घरात शिरता येईना, म्हणून मी मागच्या दाराने जाऊन पन्नास माणसांचा चहा टाकला. फोटोत मी नाही. ते राहू दे, मला फोटोची हौस कधीच नव्हती.

पण एक विचारते. तुम्ही सकाळी दुकानात जायचात ते रात्री यायचात. मग दारावरची बेल कोणासाठी वाजत होती? जेवायला बसलं की बेल. डोळा लागला की बेल. नांदगावहून एसटीने आलेली माणसं, पेशंट हॉस्पिटलात आणि चेहरे उतरलेले. त्यांना पाणी द्यायचं, खुर्ची उघडून दाखवायची, ब्रेक कसा लावायचा ते शिकवायचं. परत आलेले बेडपॅन फिनेलने मीच घासले. आणि क्लबाच्या मासिकात काय छापून आलं? "सोनटक्के यांची अखंड सेवा." मी ते वाचून तुमच्यापुढे ठेवलं तर तुम्ही म्हणालात, सोनटक्के म्हणजे आपण दोघं. बरं जमायचं तुम्हाला बोलणं.

खोटं कशाला बोलू, रविवारचे तुम्ही मला आवडायचात. बनियनवर जमिनीवर फतकल मारून बसायचात, पाना हातात, खुर्चीचं चाक मांडीवर. कुरकुर गेली की मला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचात, खुर्ची सरळ चालते का बघायला. लोक खिडकीतून विचारायचे, वहिनींना काय झालं? तुम्ही म्हणायचात, काही नाही, चढून बसल्यात डोक्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, आणखी थोडं लांब नेलं असतंत तर काय बिघडलं असतं?

नावांचा नियमसुद्धा तुमचाच. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला निळा पत्रा, त्यावर पांढऱ्या रंगात देणाऱ्याचं नाव, खाली क्लबाचं नाव. देणाऱ्याला आपलं नाव दिसलं पाहिजे, तरच तो परत देतो, असं तुमचं म्हणणं. वर पत्रा स्क्रूने नाही लावायचा, रिव्हेट मारायचे. का, तर स्क्रू लोक काढतात. तेव्हा नावं सगळी हिंडत्याफिरत्या माणसांची होती, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

मग तुम्ही गेलात. दुकानात, गल्ल्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवता दाखवता. क्लबाच्या लोकांनी सगळं केलं, नाव ठेवायला जागा नाही. पुढच्या गुरुवारी मीटिंगमध्ये दोन मिनिटं उभे राहिले आणि तुमच्या नावाने एक नवी खुर्ची द्यायचा ठराव केला. कोरे टायर, गादीची बैठक, पाय ठेवायला पट्ट्या. तुम्ही असतात तर हात फिरवत बसला असतात. आणि पाठीला तुमच्याच नियमाप्रमाणे निळा पत्रा, चार रिव्हेट, आणि पेंटरने टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: "कैलासवासी दत्तात्रय सोनटक्के यांच्या स्मरणार्थ."

मी जन्मात तुमचं नाव उच्चारलं नाही, लग्नातला तो एक उखाणा सोडला तर. गुरुवारचा उपास दत्ताचा, तर सासूबाईंनी मला गुरुमहाराज म्हणायला शिकवलं होतं. आणि आता ते नाव पुढच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिलं दिसेल असं. फोटो निघाले, पेढे वाटले, सगळे गेले. मी खुर्चीचं तोंड भिंतीकडे करायला गेले, तर नाव आणखीच समोर आलं. मग पुन्हा फिरवून ठेवली.

ती खुर्ची कोणी नेईना हो.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. नांदगावचा एक मुलगा वडिलांसाठी आला, खुर्ची बघून खूश झाला, मागे वळून वाचलं आणि म्हणाला, काकू, ती जुनी चालेल आम्हाला. मला वाटलं भिडस्त असेल. मग सटाण्याची एक म्हातारी नवऱ्यासाठी आली. मुलाने तिला वाचून दाखवलं. ती माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "खुर्ची चांगली शे माय, पन नको." कपाळावर एवढं कुंकू होतं तिच्या. तिची नजर माझ्या कपाळाकडे गेली आणि तिने पटकन खाली बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कोण नेईल सांगा? घरातलं माणूस आजारी, बरं व्हावं म्हणून खुर्ची न्यायची, आणि त्याच्या पाठीशी कैलासवासी लिहिलेलं. तुमच्या आईंसाठी तुम्ही नेली असतीत? क्लबातले एवढे शिकलेले लोक, ठराव झाला, सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या झाल्या, आणि एकाच्याही मनात हे आलं नाही. आजारी माणूस त्यांच्यापैकी कोणी घरात बघितला नव्हता असं नाही. पण मीटिंगमध्ये बसलं की माणूस घरातलं विसरतो, हे मी तुमच्याचवरून सांगते.

मला वाईट खुर्चीचं नव्हतं वाटत. जुन्या सगळ्या बाहेर दिलेल्या असायच्या, लोक रिकाम्या हाताने परत जायचे, आणि तुमची तेवढी उभी. तुम्हाला कोणी नको म्हणतंय असं वाटायचं. दिवसभर तुम्ही खोलीत, आणि आलेला माणूस तुम्हाला बघून मागे सरतोय. मी मनाशी ठरवलं, ही खुर्ची गेली तर हे साहित्याचं सेंटर चालवायचं, नाही गेली तर सगळं सामान क्लबाच्या स्वाधीन करायचं आणि खोलीला कुलूप लावून मंदाकडे पुण्याला जायचं. माझेही गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

मग वसुधा आली. देवळालीची वसुधा साळवे, पोस्टात कारकून आहे, मंदाएवढीच असेल. वडील रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. रिटायर झाले आणि अर्धांगवायूचा झटका आला. घर लाइनीच्या बाजूलाच, पण ते आतल्या खोलीत खाटेवर. दिवसभर गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुठली गाडी ते सांगतात, म्हणाली. त्यांना फक्त दारात बसून गाडी बघायची होती. एवढंच मागणं. तिने तुमची खुर्ची बघितली, पाठीमागचं वाचलं आणि म्हणाली, चालेल काकू, अक्षरंच आहेत ती.

पण आई बरोबर होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने लेकीला विचारलं, "काय लिवलंय?" वसुधाला काहीही सांगता आलं असतं. देणाऱ्याचं नाव म्हणाली असती तरी खोटं झालं नसतं. पण पोरीला बोलता येईना, आणि तिच्या गप्प बसण्यावरूनच आई समजली. तिने पदर तोंडाला लावला आणि दारात जाऊन चपला घालायला लागली. दोघी बसने आल्या तशा बसने परत गेल्या.

म्हणून मी मीटिंगला गेले. कधी नाही ती! आम्हा बायकांना वर्षातून दोनदा बोलवायचे, दिवाळीला आणि नवीन अध्यक्षाच्या गळ्यात साखळी घालायच्या दिवशी. मी आपली नेहमीच्या गुरुवारी, उपासाच्या पोटी, रिक्षा करून हॉटेलच्या त्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. तुम्ही सांगायचात तस्संच होतं सगळं. घंटा झाली, प्रार्थना झाली, वाढदिवसाचं गाणं झालं. मला पुढे बसवलं, गुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या. पाहुण्याला बोलायला दोन मिनिटं असतात हे मला तुमच्यामुळे ठाऊक होतं. मी उठले आणि सांगितलं की खुर्ची पडून आहे, पत्र्यावरचं कैलासवासी आणि स्मरणार्थ तेवढं पुसायची परवानगी द्या.

अध्यक्ष पाटणकर वकील, तुमचे मोठे स्नेही, ते हळुवारपणे म्हणाले, वहिनी, भावना समजतात, पण ठराव सर्वानुमते झालेला आहे. एक बिल्डर म्हणाले, पाठीला कापडी कव्हर घालूया, त्यावर आमच्या कंपनीचं नाव. मग डॉक्टर उठले, ते लांब मानेचे. ही अंधश्रद्धा आहे, म्हणाले, क्लबाने तिच्यापुढे वाकता कामा नये, उलट जनजागृती केली पाहिजे. बस्स! सगळ्यांच्या जिवात जीव आला. लगेच तीन जणांची समिती झाली, गावोगाव व्याख्यानं ठरली, पोस्टर कोण छापणार ते ठरलं. मी उभीच. तेवढ्यात घंटा झाली, कारण द्राक्षांच्या निर्यातीवर बोलायला पाहुणे आले होते आणि त्यांना उशीर होत होता.

रिक्षात गुच्छ मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा नाही, तुमचा. कारण तुम्ही तिथे असतात तर समितीतले चौथे तुम्ही असतात. घरी येऊन मला सगळं रंगवून सांगितलं असतंत, वर विचारलं असतंत, कशी आहे कल्पना? आणि मी हं म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेले. तुमच्या फळीवरचा टर्पेंटाइनचा डबा आणि पॉलिशपेपर घेऊन आले. पदर खोचला आणि बसले जमिनीवर, तुमच्यासारखी. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. आधी यांच्या स्मरणार्थ घासलं. त्याच्याबरोबर खालचं क्लबाचं नावही गेलं, टर्पेंटाइनचा ओघळ गेला, मी काय करू? मग कैलासवासी. पेंटरने रंग असा काही थापला होता की एकेका अक्षराला वेळ लागला.

ते गेलं आणि नुसतं तुमचं नाव राहिलं. दत्तात्रय सोनटक्के. जुन्या खुर्च्यांवर असतं तसं, देणाऱ्याचं. मी तेही पुसणार होते. हात तिथवर गेला आणि थांबला. घरात कोणी नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. इतक्या वर्षांत तुम्हाला नावाने हाक मारली असती तर कशी लागली असती कानाला, ते त्या दिवशी कळलं. बरी लागते. मग मी पेपर ठेवला, हात धुतले आणि चहा करून त्याच खुर्चीत बसून प्यायले.

क्लबातलं कोणीतरी खुर्ची बघून गेलं असणार, कारण पाटणकर वकिलांचा फोन आला होता. विचारत होते, वहिनी, क्लबाचं नावसुद्धा? मी म्हटलं, समिती नेमा.

काल शेजारच्या टेम्पोत खुर्ची घातली आणि मी स्वतः देवळालीला गेले. वसुधाने पत्रा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. तिची आई पुढे आली, पत्र्यावर बोट ठेवून तिने लेकीला विचारलं आणि वसुधाने सरळ वाचून दाखवलं. आई नुसती हं म्हणाली. मग आम्ही तिघींनी मिळून साळवेंना खाटेवरून उतरवलं. उंच माणूस, पण हाडं तेवढी राहिलेली. अर्धं तोंड वाकडं. बसायच्या आधी त्यांनी हाताने थांबवलं, खुर्ची फिरवायला सांगितली आणि पत्र्यावरचं एकेक अक्षर लावत वाचलं. मग मला विचारलं, "हे कोन?"

मी म्हटलं, "माझे यजमान. सायकलचं दुकान आहे त्यांचं." आहे म्हटलं मी. निघून गेलं तोंडातून, आणि मी ते परत घेतलं नाही.

"बरे हायेत?"

"बरे आहेत."

वसुधा भिंतीकडे बघत होती. आम्ही त्यांना दारात नेलं. ब्रेक लावला. लाइन समोरच, मधे एक बाभूळ तेवढी. बराच वेळ काही आलं नाही, मग पॅसेंजर आली. त्यांचा चांगला हात आपोआप वर गेला, झेंडी धरल्यासारखा, आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत तसाच राहिला. शेवटचा डबा गेल्यावर खाली आला. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द नीट फुटत नव्हते, मला वाकावं लागलं.

आता हा तुमचा निरोप. त्यांचेच शब्द आहेत, एकही माझा नाही. "साहेबांना माझा जयभीम सांगा. म्हनावं, पायावर हुभा ऱ्हायलो का खुर्ची मी सोता आनून देईन. चालत. त्यांच्या हातात देईन."

पोचला ना? मी हो म्हणून आलेय. बाहेर सोडायला आली तेव्हा वसुधा हळूच म्हणाली, काकू, डॉक्टर म्हणतात ते आता उभे राहायचे नाहीत.

म्हणजे बघा, कशी अडकले. पुण्याला जायचं बोलणं मंदाशी झालं होतं, आज तिला नाही म्हणून कळवलं. क्लबाला खोली रिकामी करून देणार होते, तेही राहिलं. तो माणूस येईल तेव्हा दार उघडं पाहिजे आणि दारात घरचं कोणीतरी पाहिजे. दमले आहे, बेलचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, तरी तुम्हाला शब्द देते: साळवे चालत येऊन खुर्ची परत करीपर्यंत सेंटर बंद करणार नाही. ती मी घेईन, तुमच्या वतीने, आणि तुम्ही कुठे आहात ते त्यांना समोर बसवून, चहा देऊन, मीच सांगेन.

उठते आता. बेल वाजतेय.

तुमची,
तुम्ही जन्मभर जिला नुसतं "अगं" म्हणालात ती,
सुमन